श्रीशिवछत्रपति आणि राज्यकारभाराची भाषा

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील मुलांस शिवाजीमहाराजांचें चरित्र सांगावयाचें, म्हणजे काशीकरांस गंगेची महती सांगण्यासारखें आहे. शिवनेरी किल्ला जुन्नर शहराला अगदीं लागून उभा आहे. त्याचा कडा आमच्या मुलांच्या नित्य दृष्टीस पडतो, आणि प्रतापगडचा प्रसंग, लालमहालांतील छापा, आग्र्याहून सुटका या गोष्टी त्यांना शाळेंत येण्यापूर्वींच मुखोद्गत झालेल्या असतात. म्हणून तेच प्रसंग पुनः विस्तारानें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. महाराजांनीं तरवारीच्या जोरावर जें राज्य मिळविलें, तें कोणत्या शब्दांनीं चालविलें, याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु तो आपल्या घरांत येऊन बसलेला आहे. सातबाराचा उतारा आतां संगणकावर निघतो, बँकेचा व्यवहार संगणकावर होतो, शाळेचा दाखला व परीक्षेचा अर्जहि संगणकावरच भरावा लागतो. त्याबरोबर सर्व्हर, डेटाबेस, लॉगिन, पासवर्ड, बॅकअप असे शेंकडों शब्द आपल्या बोलण्यांत शिरले आहेत. सर्व्हर डाऊन आहे, उद्यां या, असें उत्तर मिळालें कीं शेतकरी मुकाट्यानें परत फिरतो. पण बंद पडलें तें काय, आणि तें असतें कोठें, हें त्याला कोणी सांगत नाहीं. कारभाराचे शब्द एका भाषेंत व ज्यांच्यासाठीं कारभार चालावयाचा त्या लोकांची भाषा दुसरी, ही अडचण आजची नव्हे. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं याच मातींत जन्मलेल्या एका राजापुढें ती उभी होती, आणि तिचा विचार त्यानें राजाला शोभेल अशा रीतीनें केला.

शिवाजीमहाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० या दिवशीं शिवनेरी किल्ल्यावर झाला. तो काळ फार बिकट होता. आदल्याच वर्षीं, १६२९ मध्यें, मातोश्री जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांचा निजामशाही दरबारांत घात झाला होता. पिते शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमींत गुंतले होते. लगोलग १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला, आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं. अशा समयीं जिजाबाईंनीं शिवनेरीच्या आश्रयानें आपल्या बाळाचें संगोपन केलें. गडावरील शिवाई देवीच्या नांवावरून बाळाचें नांव शिवाजी ठेवण्यांत आलें, असें परंपरा सांगते.

ज्या जुन्नरच्या छायेंत महाराजांचें बालपण सुरू झालें, तें शहर राज्यकारभाराच्या अनेक भाषा पाहिलेलें शहर आहे. येथून जवळच असलेल्या नाणेघाटांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा सातवाहन राजघराण्याचा शिलालेख आहे. तो प्राकृत भाषेंत व ब्राह्मी लिपींत कोरलेला असून त्यांत यज्ञांच्या दक्षिणेचे आंकडेहि दिलेले आहेत. आपल्या देशांतील जुन्यांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. त्या काळीं राजाचा हिशेब लोकांच्या भाषेंत लिहिला जात होता, असें त्यावरून दिसतें. पुढें यादव गेले, बहामनी आले. आणि १४९० मध्यें मलिक अहमद यानें याच जुन्नर येथें निजामशाहीची स्थापना केली. अहमदनगर वसण्यापूर्वीं कांहीं काळ जुन्नर हेंच त्या राज्याचें मुख्य ठिकाण होतें. फारसी ही तेव्हां दरबाराची प्रतिष्ठित भाषा होती. सुलतानांच्या चाकरींतील मराठे सरदार व ब्राह्मण कारकून मराठी लिहीत खरे, परंतु त्या मराठींतील नामें, पदव्या व हिशेबाचे शब्द बहुतेक फारसी व अरबीच असत. मराठीचीं क्रियापदें तेवढीं राहिलीं होतीं, इतर शब्द परके झाले होते, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. फारसी ही मोठी गोड व संपन्न भाषा आहे, आणि तिनें मराठीला पुष्कळ दिलें आहे. दोष त्या शब्दांत नव्हता. ते ऐकणारास त्यांचा अर्थ कळत नव्हता, ही अडचण होती. मुजुमदार हा शब्द घ्या. ज्याला फारसी येतें, त्याला त्या शब्दांतूनच समजतें कीं हा जमेचा एकंदर हिशेब ठेवणारा अधिकारी आहे. वाकनीस म्हणजे वाका, अर्थात् घडलेल्या गोष्टी, लिहून ठेवणारा. डबीर म्हणजे लेखक. सरनोबत म्हणजे पहाऱ्याच्या सैन्याचा मुख्य. परंतु मावळांतील शेतकऱ्याला हे शब्द म्हणजे केवळ पदव्यांचे ध्वनि होते. या माणसाचें काम काय, त्याला आपल्याकडून काय मागण्याचा अधिकार आहे व काय मागण्याचा नाहीं, हें त्या ध्वनीवरून त्याला उमगत नसे. जेथें रयतेला अधिकाऱ्याच्या पदाचा अर्थ कळत नाहीं, तेथें अधिकाऱ्याला आपल्या मर्यादेबाहेर जाण्यास वेळ लागत नाहीं.

१६३६ मध्यें निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरींत गेले, आणि शिवनेरी मोंगलांच्या ताब्यांत गेला. बाळ शिवाजी मातोश्रींसह पुणें जहागिरींत आले. दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखालीं उजाड झालेली जहागीर पुनः वसूं लागली, आणि कारभार म्हणजे काय याचे पहिले धडे महाराजांस तेथें मिळाले. शेत किती, पीक किती, सारा किती, तगाई कोणास दिली व परत केव्हां यावयाची, हें सर्व कागदावर असल्यावांचून राज्य उभें राहत नाहीं, हें त्यांनीं लहान वयांतच पाहिलें.

महाराजांचा भाषेविषयींचा विचार किती लवकर सुरू झाला होता, याची साक्ष त्यांची राजमुद्रा देते. शहाजीराजांची व जिजाबाईंची मुद्रा त्या काळच्या रिवाजाप्रमाणें फारसींत होती. महाराजांची मुद्रा मात्र संस्कृत आहे. रांझें गांवच्या पाटलाच्या दुराचाराबद्दल त्याला शासन केल्याचें १६४६ सालचें पत्र प्रसिद्ध आहे. त्यावर हीच मुद्रा आहे. त्या वेळीं महाराजांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. हातीं थोडे मावळ, जवळ थोडी माणसें, आणि सभोंवार बलाढ्य पातशाह्या, अशा स्थितींत या तरुणानें आपल्या हुकुमावर उमटणारी खूण आपल्या परंपरेच्या भाषेंत घडविली. राज्य मोठें झालें म्हणजे पुढें पाहूं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं.

यानंतरच्या पराक्रमाचा आम्ही येथें केवळ धांवता उल्लेख करितों. तोरणा व राजगड हातीं आले. १६५६ मध्यें जावळी घेतली. १६५७ मध्यें महाराजांनीं रात्रीच्या वेळीं दोराच्या शिड्यांनीं तट चढून मोंगलांच्या जुन्नर शहरावर छापा घातला, आणि तीन लक्ष होन व दोनशें घोडे घेऊन ते निघून गेले, असें इतिहासकार लिहितात. १६५९ मध्यें प्रतापगडाखालीं अफझलखानाचा निकाल लागला. १६६० मध्यें शाएस्तेखानानें चाकणच्या भुईकोटास वेढा दिला, तेव्हां फिरंगोजी नरसाळा यांनीं तो लहानसा कोट जवळजवळ दोन महिने लढविला. १६६५ मध्यें पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. १६६६ मध्यें आग्र्याच्या कैदेंतून सुटका झाली. आणि १६७० पासून गेलेले किल्ले एकामागून एक परत आले. मात्र ज्या गडावर जन्म झाला तो शिवनेरी महाराजांच्या हयातींत स्वराज्यांत आला नाहीं. तो घेण्याचे प्रयत्न झाले, पण ते सिद्धीस गेले नाहींत. एवढ्या मोठ्या पुरुषाच्याहि सर्वच इच्छा पूर्ण होत नाहींत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

किल्ले घेणें हें एक काम आणि ते राखणें हें दुसरें काम. महाराजांनीं किल्ल्याचा कारभार एका हातीं कधींच दिला नाहीं. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे अधिकारी असत. शिवाय धान्य व सामान पाहण्यास कारखानीस असे. किल्ल्या हवालदाराकडे, लोकांची हजेरी व हिशेब सबनीसाकडे, पहारा व लढाऊ लोक सरनोबताकडे. एकजण फितूर झाला तरी दुसरे दोघे त्याच्या आड येत. आज मोठ्या बँकेच्या संगणकांतहि हीच व्यवस्था असते. एकजण व्यवहार लिहितो, दुसरा तो तपासून मंजूर करितो, आणि ज्याच्याकडे लिहिण्याचा अधिकार आहे त्याला स्वतःचा व्यवहार स्वतः मंजूर करतां येत नाहीं. पण ही व्यवस्था चालण्यास एक अट आहे. सबनीस म्हणजे कोण, त्याच्या पदांत काय येतें व काय येत नाहीं, हें राज्यांतील प्रत्येक गडावर एकसारखें ठरलेलें पाहिजे. राजगडावर सबनीस या शब्दाचा एक अर्थ व पन्हाळ्यावर दुसरा असेल, तर हुकूम एकच गेला तरी दोन ठिकाणीं दोन कामें होतील. तात्पर्य, कारभारांतील शब्द ही कुंपणाची काठी आहे. ती हलली कीं शेताची हद्द हलते.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं मातोश्री जिजाबाई निवर्तल्या. राज्याभिषेकानें पुष्कळ गोष्टी नव्यानें सुरू झाल्या. राज्याभिषेक शक सुरू झाला. होन व शिवराई या नाण्यांवर देवनागरी अक्षरें उमटलीं. पंचांग शुद्ध करण्यासाठीं कृष्ण ज्योतिषी यांनीं करणकौस्तुभ हा ग्रंथ रचिला. आणि आठ प्रधानांच्या जुन्या फारसी पदव्या बदलून संस्कृत नांवें देण्यांत आलीं. पेशवे मोरोपंत पिंगळे हे मुख्य प्रधान झाले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, डबिराचा सुमंत झाला आणि सरनोबताचा सेनापति झाला. न्यायाधीश व पंडितराव हीं दोन पदें त्यांच्या जोडीस आलीं. अण्णाजी दत्तो सचिव व हंबीरराव मोहिते सेनापति या नवीन नांवांनीं दरबारांत उभे राहिले.

परंतु आठ पदव्या बदलल्यानें कारभाराची भाषा बदलत नाहीं, हें महाराज जाणून होते. कोठारांत, पागेंत, तोफखान्यांत, जकातीच्या नाक्यावर, कचेरीच्या दप्तरांत रोज लागणारे शब्द शेंकडों होते. म्हणून त्यांनीं राज्यव्यवहारकोश तयार करविला. हा कोश रघुनाथपंडितांच्या नांवाशीं निगडित आहे, आणि त्याच्या रचनेंत धुंडिराज लक्ष्मण व्यास यांचा हात होता. १६७७ च्या सुमारास तो पूर्ण झाला. महाराज तेव्हां कर्नाटकाच्या मोठ्या मोहिमेंत गुंतले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कामाचें महत्त्व त्यांना किती वाटत होतें तें कळून येतें.

या कोशाची रचना पाहण्यासारखी आहे. तो अमरकोशाच्या धर्तीवर श्लोकबद्ध आहे, म्हणजे कारकुनांस तो पाठ करतां यावा अशी सोय त्यांत आहे. सुमारें १,३८० शब्दांना त्यांत संस्कृत पर्याय दिलेले आहेत. शब्दांची मांडणी दहा वर्गांत केलेली आहे: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग व पण्यवर्ग. हीं नांवें वाचतांच राज्याचा सारा संसार डोळ्यांपुढें उभा राहतो. राजवाडा, कारखाने, अन्नवस्त्र, हत्यारें, सैन्य, सरदार, किल्ले, दप्तर, प्रजा आणि बाजार, यांतील कोणतेंहि अंग कोशकारांनीं वगळलें नाहीं. ज्याला एखाद्या मोठ्या संस्थेचा कारभार समजून घ्यावयाचा आहे, त्यानें प्रथम तिच्या शब्दांची यादी करावी, ती कामाच्या वर्गांप्रमाणें लावावी, आणि एका वस्तूला एकच नांव ठरवावें, ही रीत यांत दिसते. आज मोठमोठ्या संस्था संगणकप्रणाली उभारण्यापूर्वीं हेंच करितात. आपल्या व्यवहारांत ग्राहक कोणाला म्हणावयाचें, येणें व जमा यांत भेद कोणता, मागणी नोंदली म्हणजे ती पक्की झाली कीं नाहीं, हें शब्दांच्या कोशांत आधीं लिहून ठेवितात. कारण विक्री खात्याचा ग्राहक व हिशेब खात्याचा ग्राहक हे निराळे असले, तर यंत्र कितीहि वेगवान् असो, त्याचें उत्तर चुकीचेंच येणार.

कोशाचा व एकंदर या धोरणाचा परिणाम काय झाला? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं निरनिराळ्या काळांतील लेख घेऊन त्यांतील शब्द मोजले. १६२८ च्या लेखांत शंभरांत सुमारें १४ शब्द मराठी होते. १६७७ च्या लेखांत ते सुमारें ६२ झाले, आणि १७२८ च्या लेखांत ९३ च्या वर गेले. कांहीं निवडक लेखांवरून साऱ्या भाषेचें माप घेऊं नये, हें खरें. तरी वारें कोणत्या दिशेनें वाहत होतें तें या आंकड्यांवरून स्पष्ट कळतें.

परंतु सर्वच नवे शब्द रुजले असें मात्र नाहीं, आणि हीच या हकीकतींतील सर्वांत बोधप्रद गोष्ट आम्हांस वाटते. मंत्री, सचिव, न्यायाधीश, सेनापति हे शब्द आज आपल्या तोंडीं आहेत. आपल्या देशाच्या मुख्य मंत्र्यास आपण पंतप्रधान म्हणतों. उलट पेशवा हा जुना शब्द महाराजांच्या मागें पुनः वर आला, आणि एका साऱ्या कालखंडासच पेशवाई हें नांव पडलें. दुर्ग हा शब्द सिंधुदुर्ग, विजयदुर्ग अशा नांवांत अजरामर झाला, पण बोलतांना आपण किल्ला असेंच म्हणतों. कागद, दप्तर, हिशेब, बाजार, जमीन, सरकार हे शब्द कोणत्याहि कोशास हलले नाहींत. ते आतां इतके आपले झाले आहेत कीं ते परके होते हें सांगावें लागतें. जुन्नर तालुका असें आपण म्हणतों, त्यांतील तालुका हा शब्दहि अरबीच. मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ मध्यें आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां मराठींत मुरलेले असे शेंकडों शब्द त्यांनीं आदरानें नोंदून ठेविले.

यावरून असें दिसतें कीं शब्द हुकुमानें जन्मास येतो, पण तो जगतो लोकांच्या जिभेवर. जो शब्द आटोपशीर आहे, ज्याचा अर्थ ऐकतांच उमगतो, आणि ज्याचें काम रोज पडतें, तो राहतो. जो बोजड आहे किंवा ज्याची गरज नाहीं, तो कोशांत निजून राहतो. महाराजांची दृष्टि या बाबतींत फार व्यवहारी होती. मोंगल व इतर दरबारांशीं होणाऱ्या पत्रव्यवहारासाठीं त्यांच्या पदरीं फारसी जाणणारे मुनशी होते. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याला कळेल त्या भाषेंत बोलावें, आणि रयतेवर राज्य करावयाचें तें रयतेच्या ओळखीच्या भाषेंत करावें, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यांत द्वेष नव्हता.

महाराजांच्या या कामाची परंपरा पुढेंहि चालली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं आपल्या संस्थानांत कारभाराच्या परिभाषेचा मोठा कोश करविला. तो श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु या नांवानें १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत एकेका शब्दाला अनेक भाषांतील प्रतिशब्द दिलेले आहेत. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य स्थापन झालें, त्याच वर्षीं भाषा संचालनालय सुरू झालें, आणि त्यानें निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश मराठींत आणिले. आज कचेरीच्या पाटीवर आपण जीं पदनामें वाचतों त्यांतील पुष्कळ या परिश्रमांतून आलेलीं आहेत.

आतां संगणकाच्या शब्दांकडे वळूं. संगणक हाच शब्द पहा. गणना करणारा तो संगणक. तो रुजला, कारण अर्थ त्याच्या पोटांतच आहे. याच्या उलट भ्रमणध्वनि हा शब्द पत्रिकेवर छापला जातो, पण हांक मारतांना प्रत्येकजण मोबाईलच म्हणतो. आणखी एक मौज सांगतों. इंग्रजांनीं या यंत्रासाठीं जे शब्द योजिले, ते त्यांच्या घरांतलेच आहेत. सर्व्हर म्हणजे वाढणारा, सेवा करणारा. फाईल व फोल्डर हे कचेरींतील टेबलावरचे शब्द. विंडो म्हणजे खिडकी, माउस म्हणजे उंदीर. कंप्यूटर हा शब्दसुद्धां यंत्रापूर्वीं हिशेब करणाऱ्या माणसाला लावीत असत. इंग्रज मुलाला सर्व्हर हा शब्द ऐकून निदान एवढें कळतें कीं हें कोणीतरी दुसऱ्याच्या मागणीप्रमाणें देणारें आहे. आमच्या मुलाला तो केवळ ध्वनि वाटतो; जसा मावळच्या शेतकऱ्याला मुजुमदार हा ध्वनि वाटत असे. सर्व्हर म्हणजे दूर ठेवलेला एक मोठा संगणक. आपल्या गांवच्या संगणकानें मागितलेली माहिती तो आपल्या सांठ्यांतून काढून पाठवितो. डेटाबेस म्हणजे ती माहिती रकान्यारकान्यांनीं नीट लावून ठेवलेलें दप्तर. बॅकअप म्हणजे त्या दप्तराची जपून ठेवलेली दुसरी प्रत. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द, जो गडाच्या दरवाजावर पूर्वीं पहारेकरी विचारीत असे. इतकें सांगितलें म्हणजे नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यासहि हीं सारीं यंत्रें आपल्या ओळखीचीं वाटूं लागतील.

यांत पालकांनीं लक्ष घालावें अशी एक गोष्ट आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलाचें नांव एका प्रकारें, शाळेच्या रजिस्टरांत दुसऱ्या प्रकारें आणि आधारपत्रावर तिसऱ्या प्रकारें लिहिलेलें असतें. पूर्वींचा कारकून तीं तिन्ही पाहून हा अमक्याचाच मुलगा असें ओळखीत असे. यंत्राला ओळख नाहीं. त्याच्या दृष्टीनें तीं तीन निराळीं माणसें होतात, आणि शिष्यवृत्तीची रक्कम किंवा जमिनीचा वारसा अडून बसतो. एका वस्तूला एकच नांव, हा राज्यव्यवहारकोशाचा नियम असा आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतो. नांव म्हणजे किती चिवट वस्तु आहे, हें आंबेगांवकरांस सांगावयास नको. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगांवीं आहेत. तरी तालुक्याचें नांव आंबेगांव तें आंबेगांवच राहिलें. गांव बुडालें, नांव तरलें. म्हणून नांव ठेवतांना व लिहितांना विचार करावा लागतो.

३ एप्रिल १६८० रोजीं रायगडावर महाराजांचें देहावसान झालें. पन्नास वर्षांच्या त्या आयुष्यांत स्वस्थ बसण्याचे दिवस फारच थोडे होते. तरी लढाया, वेढे, तह व प्रवास यांच्या गर्दींत त्यांनीं तेराशें ऐंशी शब्दांची काळजी वाहिली. किल्ले पुढें पडले, तोफा गंजल्या, राज्यहि गेलें. परंतु मंत्री, सचिव व न्यायाधीश आपआपल्या आसनावर अद्यापि बसलेले आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण पुढें संगणकाच्या विद्येंत शिरतील. कांहीं पुण्याच्या, कांहीं परदेशच्या कचेऱ्यांत मोठमोठ्या संस्थांच्या प्रणाली घडवितील. त्यांनीं इंग्रजी परिभाषा उत्तम शिकावी. मुनशी ठेवल्यावांचून महाराजांचेंहि चाललें नाहीं. परंतु प्रत्येक नवा शब्द भेटला कीं त्याचा अर्थ काय, हें विचारल्यावांचून त्याला पुढें जाऊं देऊं नये, आणि तो अर्थ आपल्या आईस मराठींत सांगतां येतो कीं नाहीं, हें घरीं करून पाहावें. सांगतां आला तर विद्या अंगीं लागली असें समजावें. न आला तर शब्द पाठ झाला, विद्या अजून यावयाची आहे, असें समजून पुनः पुस्तक उघडावें. शिवनेरीच्या पायथ्याशीं शिकणाऱ्या मुलांकडून आम्ही एवढी अपेक्षा ठेवितों, आणि ती त्यांच्या शक्तीबाहेरची नाहीं अशी आमची खात्री आहे.